बाटलीवरची नावाची चिठ्ठी

सन दोन हजार पंधरा. माझं वय त्रेसष्ट. त्या वयापर्यंत मी कुणाला जीभ काढून दाखवली नव्हती. लहानपणी दाखवली असेल, तर बापानं तिथंच कानफटात दिली असेल. आणि इथं शहरात, गुलमंडीतल्या एका कपड्याच्या दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला एक बाई सांगत होत्या, जीभ काढा. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. तोंडाकडं बघायच्या आधी जिभेकडं बघायची त्यांची रीत. म्हणून सगळी गुलमंडी त्यांना जीभवाल्या बाई म्हणायची.

मी म्हणालो, "बाई, माझा खांदा दुखतोय. जीभ धड आहे."

त्या म्हणाल्या, "जीभ धड आहे ते ऐकूच येतंय. आता दाखवा."

बाकावर बसलेली चार माणसं हसली. मी उठून जिना उतरलो असतो, पण खांद्यानं मला लाचार केलं होतं. हर्सूलला माझी पिठाची गिरणी. त्या साली तिला अडतीस वर्षं झाली होती. उजवा हात छातीच्या वर जाईना. डबा उचलून गिरणीच्या तोंडात दळण ओतायचं तर बायकोला हाक मारावी लागायची. गिरणीवाल्याला बायकोनं डबा उचलून द्यायचा, यापेक्षा गिरणी बंद केलेली बरी. मोठ्या दवाखान्यात दोन इंजेक्शनं झाली, मलम झाली, शेक झाला. हात होता तिथंच. शेवटी बसलो, डोळे मिटले आणि जीभ काढली.

त्यांनी दोन्ही मनगटं तीन-तीन बोटांनी दाबून धरली. बराच वेळ. मग मला झोपवलं आणि केसाएवढी बारीक सुई नडगीत घातली. मी म्हणालो, खांदा वर आहे आणि तुम्ही खाली कुठं चाललात? त्या म्हणाल्या, "तुमच्या गिरणीत मोटर एका कोपऱ्यात आणि दगड दुसऱ्या कोपऱ्यात. मधे पट्टा. पट्टा सुटला तर तुम्ही दगडाला शिव्या देता का?" मग म्हणाल्या, हात वर करा. सुई पायात तशीच आणि हात कानापर्यंत गेला. पुरता नाही, पण गेला. बरं वाटलं असं लगेच कबूल करायची माझी सवय नाही.

बाईंचं वय तेव्हा साठीच्या आत-बाहेर. सुती साडी, जाड भिंगाचा चष्मा, आणि चहा इतका की खालचा हॉटेलवाला न सांगता अर्ध्या तासानं वर पाठवायचा. घरच्यांनी त्यांना चांगलं डॉक्टरीचं शिक्षण दिलं होतं. मग त्या कलकत्त्याला एका म्हाताऱ्या चिनी वैद्याजवळ काही वर्षं राहून सुया शिकल्या आणि चिनी औषधंही. तो म्हातारा मुळ्या, साली, पानं मापून पुड्या बांधायचा आणि लोक घरी तासतासभर उकळायचे. बाईंनी इथं आल्यावर दोन महिने तसं करून बघितलं. त्या सांगायच्या, "एकानं त्या मुळ्या चहात उकळल्या. एकीनं वास येतो म्हणून गूळ घातला. एकीच्या सासूनं तुळशीला ओतल्या. तेव्हा ठरवलं, तयार गोळ्या." त्या गोळ्या कलकत्त्याहून यायच्या. तपकिरी बाटली, वर चिनी अक्षरं, आत मिरीएवढ्या काळ्या गोळ्या. तीनदा सुया झाल्याशिवाय बाई गोळीचं नाव काढायच्या नाहीत. म्हणायच्या, "सुई दार उघडते, गोळी झाडलोट करते. दार लावून झाडू मारला तर धूळ घरातल्या घरात फिरते."

बाटली देताना त्यांची एक रीत होती. पांढऱ्या कागदाची चिठ्ठी कापायच्या, तिच्यावर ठसठशीत अक्षरात माणसाचं नाव लिहायच्या, डिंकानं बाटलीवर डकवायच्या आणि सुकेपर्यंत हातात धरून बसायच्या. सात दिवसांची गोळी, एक बाटली. पुढची हवी तर रिकामी बाटली परत आणायची, चिठ्ठीसकट. चिठ्ठी फाटली असली तर दहा प्रश्न. एकदा त्यांच्या टेबलावर त्यांच्याच गुडघ्याच्या गोळ्यांची बाटली दिसली. तिच्यावरही स्वतःचं नाव डकवलेलं. मी म्हणालो, बाई, ही तरी कुणाला जाणार आहे? त्या म्हणाल्या, "मला विसर पडला तर मी कोण ते कळायला नको?"

दुसरी रीत म्हणजे पिशवी. घरात जेवढ्या गोळ्या चालू असतील तेवढ्या सगळ्या पिशवीत घालून आणायच्या. बाई ती पिशवी टेबलावर उपडी करायच्या आणि एकेक पट्टी उजेडाला धरून वाचायच्या. एका माणसानं सुयांनी बरं वाटतंय म्हणून साखरेची गोळी सोडली होती. त्याला त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "मी सुया टोचते, नवसाला पावत नाही. उद्यापासून ती गोळी चालू नसेल तर माझा जिना चढायचा नाही."

आणि एका दुखण्याला एक गोळी, हे त्यांच्याकडं नव्हतंच. एकदा दोन जावा आल्या. दोघींचे गुडघे धरलेले. एकीला एक बाटली, दुसरीला दुसरी. जिन्यातच भांडण लागलं, हिला भारीतली दिली आणि मला हलकी. बाई वरून म्हणाल्या, "गुडघा सारखाच दुखतो, पण दुखणारी बाई वेगळी आहे. एक पंखा लावून झोपते, एक उन्हाळ्यात चादर घेते. दोघींना एकच गोळी दिली तर एकीचं भलं होईल आणि दुसरी मला शोधत येईल."

हे मी माझ्या कानानं ऐकलंय. तिथंच बाकावर बसून ऐकलंय. पुढं जे झालं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मला बाईंचं हे पटायचं, कारण माझाही धंदा तसाच. चौथी पास माणूस मी. पण अक्षर इतकं आलं होतं की डब्यावर लाल रंगानं नाव घालता यायचं. गिरणीत एका वेळी चाळीस डबे लागलेले असायचे आणि कुणाचं पीठ कुणाला गेलं नाही. एकदा एका मास्तरीणबाईंनी डबा बदलला म्हणून गिरणीत येऊन तोंड सोडलं. मी त्यांचं पीठ चिमटीत घेतलं, वास घेतला आणि सांगितलं, ज्वारीत मूठभर मेथी तुम्हीच टाकलीय, घरी सुनेला विचारा. दुसऱ्या दिवशी पेढे आणून दिले त्यांनी. भिंतीवर मी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती: इथं एकाचं पीठ दुसऱ्याला जात नाही. हर्सूलमधे लोक पाटलाची शपथ घेतात तशी माझ्या पाटीची घ्यायचे.

हे मी बाईंना सांगितलं तर एका रविवारी त्या रिक्षा करून हर्सूलला आल्या. हातात छोटा डबा, त्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी. पाटीकडं बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गिरणीवाले, ही पाटी माझ्या दवाखान्यात हवी होती." त्या दिवसापासून त्यांचं दळण माझ्याकडं. डबा रिक्षावाल्याबरोबर यायचा, परत जायचा. तो डबा मी सगळ्यांच्या आधी लावायचो. बाईंचा मान म्हणून.

दीड-दोन महिन्यांत खांदा सुटला. हात डोक्यावर गेला, पाठीमागं गेला. लगीनसराई आली. गिरणीवर सकाळपासून रांग. बाटलीसाठी दर सात दिवसांनी गुलमंडीला जाणं मला जमेना. मी बाईंना म्हणालो, पंधरा दिवसांची द्या. त्या नाही म्हणाल्या. मी पुन्हा म्हणालो. त्या पुन्हा नाही म्हणाल्या. मग मी म्हणालो, "चाळीस वर्षं लोकांचं धान्य सांभाळतोय, दोन बाटल्या सांभाळता येणार नाहीत व्हय?" बाई माझ्याकडं बघत राहिल्या आणि त्यांनी दोन बाटल्या काढल्या. दोन चिठ्ठ्या कापल्या. दोन्हीवर माझं नाव. असं त्यांनी दुसऱ्या कुणासाठी केलं नव्हतं, हे मला खालच्या दुकानदारानं नंतर सांगितलं.

एक बाटली संपली तोवर मी पुरता बरा झालो आणि ती रिकामी परत दिली. दुसरी तशीच फळीवर.

माझा धाकटा भाऊ रंगनाथ चितेगावला असतो. पैठण रोडच्या एका कंपनीत वॉचमन होता. उभं राहून राहून गुडघे गेले. त्याआधी त्याच्या काळजात झडप बसवलेली. त्यापायी रक्त पातळ राहायची गोळी त्याला रोजची. माझा हात वर जातो ते बघून तो म्हणाला, दादा, मलाबी ने. मी मोठ्या दिमाखात त्याला गुलमंडीला घेऊन गेलो. बाकावरच्या लोकांना सांगितलं, हा माझा भाऊ. बाईंनी जीभ बघितली, नाडी बघितली, पिशवी उपडी केली. रक्ताच्या गोळीची पट्टी हातात आली तशा थांबल्या. चार सुया घातल्या, त्याही वरवर. गुडघ्याला थोडा उतार पडला. गोळी मागितली तर म्हणाल्या, "यांना माझी गोळी नाही. माझ्या गोळ्या रक्त हलवतात आणि यांचं रक्त आधीच पातळ करून ठेवलंय. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग सुयांचं बघू. गोळी तेव्हाही नाही." रजिस्टरमधे तसं लिहिलं.

सोपं होतं. मराठीत सांगितलं होतं. पण मला ते लागलं. दहा माणसांसमोर मी भावाला घेऊन गेलो आणि बाईंनी मला रिकाम्या हातानं परत पाठवलं. मला वाटलं, बाई भितात. मला वाटलं, ज्या गोळीनं मी बरा झालो तीच गोळी, तेच गुडघे-खांदे, एकाच आईच्या पोटचे आम्ही, माझं आणि त्याचं रक्त काय वेगळं आहे? असं मला वाटलं आणि एकदा वाटलं की माझं डोकं दुसरीकडं वळत नाही. माझ्या बायकोला विचारा.

आठ दिवसांनी मी चितेगावला गेलो. जाण्याआधी ती दुसरी बाटली घेतली, अंगठा थुंकीनं ओला केला आणि माझ्या नावाची चिठ्ठी चोळून चोळून काढली. रंगनाथला सांगितलं, बाईंनी विचार करून तुझ्यासाठी धाडलीय. त्यानं विचारलं, "बाई तर नाय म्हणल्या व्हत्या ना, दादा?" मी म्हणालो, "मी सांगतोय ना." मी सांगितल्यावर त्यानं आयुष्यात कधी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. तेव्हाही विचारला नाही.

सहाव्या दिवशी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर निळे चट्टे. मग लघवी लाल. पोरानं, म्हणजे विकासनं, त्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात टाकलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काय चालू होतं? उशाखालून बाटली निघाली. रंगनाथनं सांगितलं, सुयांच्या बाईंनी दिली. त्यानं खोटं सांगितलं नाही. त्याला तेच माहीत होतं.

अकरा दिवस तो आत होता. पहिले चार दिवस तर काही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणायचे. मी बाहेर बाकड्यावर बसून असायचो. पाचव्या दिवशी विकास बाटली खिशात घालून म्हणाला, "मोठे बाबा, तुमची ओळख आहे तिच्याशी. तुम्ही चला." त्याचे तीन मित्र बरोबर होते. मी गेलो. नको म्हणता आलं असतं. मी गेलो.

दवाखान्यात सात-आठ माणसं होती. एका बाईच्या कपाळाला सुया होत्या. विकासनं बाटली टेबलावर आपटली आणि जे तोंडाला येईल ते बोलला. चिनी विष म्हणाला. लोकांना मारायचं दुकान म्हणाला. एक मित्र मोबाईलवर सगळं काढत होता. बाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग आधी त्या कपाळाच्या सुया काढल्या, कापसानं टिपलं, आणि टेबलाशी येऊन रजिस्टर उघडलं. रंगनाथचं पान काढलं. बोट ठेवून वाचलं. मला ते पान उलटं दिसत होतं, पण त्यावर काय आहे ते मला पाठ होतं. गोळी नाही.

मग त्यांनी बाटली उचलली. चिठ्ठीची जागा खरखरीत होती. डिंकात कागदाचा एक कोपरा अडकून राहिला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. सावकाश. आणि माझ्याकडं बघितलं.

"गिरणीवाले," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

विकास माझ्याकडं वळला. त्याचे मित्र वळले. बाकावरची माणसं वळली. भिंतीवर माणसाच्या अंगाचं एक चित्र होतं, त्यावर रेघा आणि ठिपके. मी त्या ठिपक्यांकडं बघितलं.

मी म्हणालो, "नाय."

बाईंनी रजिस्टर मिटलं. म्हणाल्या, "बाटली माझ्याच दवाखान्यातली आहे. माझ्या दारातून गेलेल्या औषधाची जबाबदारी माझी." विकासला एवढंच हवं होतं.

तो मोबाईलवरचा खेळ चार दिवसांत गावभर झाला. हर्सूलच्या बायका गिरणीत डबा ठेवता ठेवता मला दाखवायच्या, बघा तात्या, ही तीच ना, तुमचा खांदा हिनंच बघितला होता ना, वाचलात बरं. मी पट्टा चढवायचो. गिरणी सुरू झाली की बोललेलं ऐकू येत नाही. गिरणीचा तेवढा फायदा आहे.

घरमालकानं बाईंना महिन्याची मुदत दिली. कुणी अर्ज केला, कुणी चौकशीला आलं. बाक रिकामा झाला. रंगनाथ घरी आला, सुधारला. विकास म्हणायचा, मोठे बाबा होते म्हणून त्या दिवशी मी हात उचलला नाही. म्हणजे त्यातही माझंच नाव झालं.

महिना संपत आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाईंचा डबा गिरणीतच आहे. दळलेला, झाकण लावलेला, महिनाभर तसाच. रिक्षावाला न्यायला आलाच नव्हता. ते पीठ मी फेकलं, घरचे चांगले गहू दळले, डबा भरला आणि बसनं गुलमंडीला गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. दवाखान्यात खोकी बांधलेली. भिंतीवरचं चित्र उतरवलेलं. बाई एकट्या स्टुलावर बसून जुनी पानं वेगळी करत होत्या. ज्याचं पान त्याला परत द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्यांनी डबा घेतला, चिठ्ठीवरचं स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "हा मात्र बरोबर पोचला."

मी उभाच होतो. माझ्या तोंडून कसंबसं निघालं की बाई, मी जाऊन सांगतो सगळं, विकासला सांगतो, रंगनाथला सांगतो.

त्या म्हणाल्या, "मी विचारलं तेव्हा तुम्ही भिंतीकडं बघत होतात."

"तुम्ही का नाही सांगितलं? रजिस्टर तुमच्या हातात होतं."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. चष्म्याशिवाय त्या लई थकलेल्या दिसत होत्या. "दवाखान्यात पडलेल्या माणसाला त्या दिवशी माझ्या खरेपणापेक्षा त्याचा भाऊ जास्त लागणार होता. पोरगा डोक्यात राख घालून आला होता. त्या घडीला तुमचं नाव घेतलं असतं तर तुमचं घर तिथंच फुटलं असतं. आणि दुसरं सांगू? पंधरा दिवसांची मी दिली. अठरा वर्षांत सातच्या वर कुणाला दिली नव्हती. तुमची पाटी बघून दिली. सातची दिली असती तर वाटायला उरली नसती. तेवढा गुन्हा माझा."

मग म्हणाल्या, "आता सांगाल तर माझ्यासाठी सांगू नका. माझं व्हायचं ते झालं. तुमच्यासाठी सांगायचं असेल तर ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि माझं पान माझ्या हातात दिलं. वर माझं नाव. जिभेचं, नाडीचं, सुयांचं लिहिलेलं. खाली शेवटच्या दोन ओळी: गोळी फक्त यांच्यासाठी, दोन बाटल्या. एक परत आली, दुसरी आली नाही.

जिना उतरताना मागून त्यांचा आवाज आला. खांदा कसा आहे विचारत होत्या. मी म्हणालो, बराय.

त्यानंतर सात वर्षं मी गप्प राहिलो. पान घडी करून गिरणीतल्या देवाच्या फोटोमागं ठेवलं. रोज सकाळी त्या फोटोला उदबत्ती लावायची आणि मागं काय आहे ते आठवायचं. सांगायचं मनात आलं की वाटायचं, आता कशाला, रंगनाथ बरा आहे, विकासचं लग्न झालंय, बाई शहर सोडून बहिणीकडं गेल्यात, त्याही बऱ्या असतील. माझा स्वभाव असा की एकदा नाही म्हणालो की नाहीच म्हणतो. लोक त्याला कणखर म्हणतात. मीही म्हणायचो.

मग मागच्या साली दिवाळीच्या आधी कपडे घ्यायला गुलमंडीत गेलो. त्याच खालच्या दुकानात. दुकानदार कापड मोजता मोजता म्हणाला, तात्या, तुमच्या त्या जीभवाल्या बाई वारल्या की. बहिणीकडंच गेल्या. इथून गेल्यावर त्यांनी पुन्हा सुई हातात घेतली नाही म्हणे. गुडघ्यांनी अंथरुणाला खिळल्या होत्या. शेवटपर्यंत उशाशी बाटली, तिच्यावर स्वतःचं नाव.

मी कापड तिथंच सोडलं आणि पैठण रोडची गाडी पकडली. रंगनाथ अंगणात बसला होता. रविवार, म्हणून विकास घरी. त्याची बायको चहा टाकत होती. मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं. अंगठा थुंकीनं ओला केला तिथपासून. गाळलं काही नाही.

मोबाईल हातात होता तो विकासनं खाटेवर पालथा ठेवला. म्हणाला, "त्या बाईंना मी काय काय बोललो, मोठे बाबा. तुम्ही माझ्या मागं उभे होता." मी म्हणालो, व्हय, होतो.

रंगनाथ माझ्याकडं बघत नव्हता. माझा भाऊ मला उलटून बोलला नव्हता कधी. तो जमिनीकडं बघून म्हणाला, "सात वर्षं मी त्या बाईला शिव्या देऊन जेवलो, दादा. देवापुढं हात जोडून शिव्या दिल्या. तू शेजारी बसलेला असायचा. भाकर मोडून द्यायचा मला."

सून चहा घेऊन आली. रंगनाथ तिला म्हणाला, यांना नको, यांची गाडी आहे. तो मला 'यांना' म्हणाला. चहाचा कप सुनेच्या हातातच राहिला आणि मी उठलो. बाईंनी जे घर फुटू दिलं नाही ते मी माझ्या हातानं फोडून निघालो होतो, आणि तेही ज्यांनी ते ऐकायला हवं होतं त्या गेल्यावर. गाडीत मला वाटलं की निदान हलकं वाटेल. नाही वाटलं. हलकं वगैरे काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचं शटर उघडलं. पट्टा चढवायच्या आधी स्टूल ओढलं, वर चढलो आणि भिंतीवरची पाटी काढली. उजवा हात सरळ वर गेला, खांदा कुठं अडला नाही. पाटीच्या मागची भिंत पाटीएवढी वेगळ्या रंगाची होती. देवाच्या फोटोमागून बाईंच्या अक्षरातलं ते पान काढलं, घडी उलगडली आणि त्याच खिळ्याला लावलं. पहिला डबा घेऊन आली ती शेजारच्या गल्लीतली मास्तरीणबाईंची सून. तिनं डबा ठेवला, मान वर करून पान वाचलं आणि विचारलं, "तात्या, दुसरी बाटली कुठं गेली मग?"

मी गिरणी सुरू केली नाही. तिला आधी बसायला सांगितलं.